जबड्यात जबडा

संगणकावरची फाईल हलवण्याआधी जगदीश तांडेल दोन्ही हात पँटला पुसत असे. हात कोरडेच असत. सातपाटीहून बोईसरच्या आमच्या रसायनांच्या कारखान्यात येण्याआधी तो बायकोबरोबर बोंबील वाळत घालून येई, त्याची ही सवय. मी प्रयोगशाळेचा प्रमुख होतो, तो संगणक सांभाळायचा.

आमच्या तपासण्यांच्या नोंदी एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये होत्या. ते नव्या संगणकावर चालेना, म्हणून त्याने व्हर्च्युअल मशीन केलं होतं, म्हणजे संगणकाच्या पोटात दुसरा संगणक. तोही अखेर काही फायलींचाच. जगदीश त्या सगळ्या एका फोल्डरात ठेवी आणि दुसऱ्या ड्राइव्हवर न्यायचं झालं तर मशीन बंद करून आख्खं फोल्डर नेई.

"अरे, देव हलवतोस का?" मी एकदा चिडवलं.

"साहेब, बोंबील टांगताना बघितलंय? दोगांचे जबडे एकमेकात अडकवतात. एक ओढला का दुसरा वाळूत. ही मोठी फाईल जुनी हाय. तिच्यानंतरचं सगळं या बारक्या फायलीत. तुमी एकट्या फायलीला हात नाय लावायचा."

पुढे तो मुलीच्या साखरपुड्यासाठी रजेवर गेला. जाताना पासवर्ड माझ्याकडे ठेवला. नेमका ड्राइव्ह भरला. बॅकअपसाठी मागवलेला नवा ड्राइव्ह टेबलावर पडला होता आणि बाहेरची माणसं तपासणीला येणार होती. मी घाईने मोठी फाईल तिकडे नेली. जगदीशचं बोलणं विसरून आकड्यांच्या नावाच्या बारक्या फायली कचरा समजून कायमच्या पुसल्या. मशीन सुरू झालं तेव्हा मी खूशही झालो. मग शेवटच्या नोंदीची तारीख पाहिली. ती दोन वर्षांपूर्वीची होती.

जगदीश परतला. त्याने पडद्याकडे पाहिलं, हात पुसले, पण कशालाच लावले नाहीत.

"तांडेल, तुझ्याशिवाय याला हात कोण लावतं?" मॅनेजरने सगळ्यांसमोर विचारलं. जगदीशने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा ग्लास उचलला. बोलायला तेवढा वेळ पुरला असता. मी पाणी प्यायलो.

"माझंच चुकलं असंल," तो म्हणाला. त्याला काढून टाकलं. असा ठपका घेतलेल्या माणसाला पुन्हा कुणी संगणकापाशी बसवलं नाही. सहा महिन्यांनी मी निवृत्त झालो, शाल-श्रीफळ घेऊन.

गेल्या महिन्यात तो गेल्याचं कळलं. मी सातपाटीला गेलो. त्याची बायको किनाऱ्यावर बोंबील टांगत होती. मी तिला उभ्यानेच सगळं सांगितलं.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "ते बोलायचे, सायेब रिटायर झाल्यावर तरी बोलतील. वाट बघत व्हते."

"वहिनी, मी आता लिहून काढतो. कारखान्यातल्या सगळ्यांना कळेल."

"लिवा."

तिने दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवले.

"जरा सरका. तुमची सावली पडते बोंबलावर."

मी सरकलो.