बंडी कोणाची?

मला राग लवकर येतो. चंद्रपुरातल्या ज्या डिप्लोमा कॉलेजात मी प्रोग्रामिंग शिकवते, तिथे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना हे ठाऊक आहे. शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत तो निघाला जिवतीकडच्या एका विद्यार्थिनीवर.

तिचा प्रोजेक्ट साधाच होता, ऑनलाइन दुकान. दुकान, गिऱ्हाईक, वस्तू, कार्ट, प्रत्येकाचा एक क्लास, म्हणजे साचा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका कॉम्प्युटरवर गिऱ्हाईक होऊन मध घेतला. दुसऱ्यावर मला बसवून तूरडाळ घ्यायला लावली. पाहतो तर काय, माझ्या कार्टमध्ये त्यांचा मध आणि त्यांच्या कार्टमध्ये माझी डाळ! अख्ख्या दुकानाला एकच कार्ट.

"हे तर नापास करावं लागेल," ते म्हणाले. नापास म्हणजे वर्ष गेलं, आणि पुण्याची हाती आलेली नोकरीही गेली.

"अवं बाई, अक्कल गहाण ठेवली का?" मी सगळ्यांदेखत करवादले. "कार्ट गिऱ्हाइकाची असते! दुकानाच्या क्लासमध्ये काऊन टाकली?"

पोरगी तरीही बोलली. "मॅडम, बंडी तं विकणाऱ्याचीच राह्यते ना. तोच भरून आणते बाजारात. घेणाऱ्यापाशी थैला राह्यते."

बंडी, म्हणजे बैलगाडी, हा शब्द तर माझाच होता. पोरं इंग्रजी शब्दांना बुजतात म्हणून पहिल्याच तासाला मी ऐटीत सांगितलं होतं, "भेता काऊन? कार्ट म्हणजे आपली बैलबंडी." वर हेही सांगितलं होतं की क्लास लिहायच्या आधी खऱ्या जगात जाऊन पाहा, कोणती वस्तू कोणाची. ती आठवडी बाजारात पाहून आली. एका बंडीभोवती दहा गिऱ्हाइकं. तिनं तसंच्या तसं लिहिलं. मग चुकलं कोण?

परीक्षकांनी विचारलं, "हे कोणी शिकवलं तुला?"

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोणी नाई सर. मलेच समजलं नाई."

अरे देवा! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"खोटं बोलून राह्यली ते, सर," मी उठून म्हणाले. "बंडी मी शिकवली. नापास करायचं तर मले करा."

परीक्षक हसले नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि तिला अर्धा तास दिला. तिनं कार्ट दुकानाकडून काढली, प्रत्येक गिऱ्हाइकाला ज्याची त्याला दिली आणि क्लासचं नावच 'थैला' ठेवलं. मध त्यांच्याकडे राहिला, डाळ माझ्याकडे. पोरगी पास झाली.

बाहेर व्हरांड्यात मी तिला गाठलं. "माझं नाव सांगायचं नं सरळ. खोटं काऊन बोलली?"

"सगळ्याइसमोर बोलणं खाल्लं का कसं लागते, ते मले मालूम आहे, मॅडम," ती म्हणाली. "तुमच्यावर तशी पाळी नोको यायले, म्हटलं."