सुधाच्या साधनाचे माप

पूर ओसरला की रामघाटाच्या पायऱ्यांवर गाळाचा थर उरतो. दरवर्षी तो उपसतात आणि दरवर्षी तो पुन्हा बसतो. आमच्या रविवारच्या मंडळात किस्से असेच साचतात. आम्ही चार बायका. आधी विष्णुसहस्रनाम, मग चहा. माडीच्या छतावर गंगेचा उजेड हलत असतो आणि त्याखाली बोलणे कुठून कुठे जाते, हे कळत नाही. त्यातले थोडे आज लिहिते. आमच्यातली सुधाच म्हणाली, "लिहा, बाई. माझ्यासारखी आणखी कुणी असेल." नावे अर्थातच बदलली आहेत.

मी तीस वर्षे मुलींना गणित शिकवले. शरीराविषयी कमी बोलावे, असे मी आजही मानते. पण कमी बोलणे निराळे आणि अंधारात ठेवणे निराळे.

*

सुधा अठ्ठेचाळीस वर्षांची. गर्भाशयमुखाचा कॅन्सर बरा झाला, पण रेडिएशनमुळे योनिमार्ग आकसू लागला. साधी तपासणीही सोसवेना. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले, की हळूहळू ताण देणारे साधन वापरा, नाहीतर मार्ग बुजेल. दवाखान्यातला संच मिळाला नाही, तर बाजारातले सेक्स टॉय चालेल. मात्र गुळगुळीत सिलिकॉनचे, तळाशी रुंद, आणि माप पाहून घेतलेले.

बाजार त्याला खेळणे म्हणतो. मी साधनच म्हणेन.

आजारपणापासून सुधाचे पती विनायकभट बाहेरच्या खोलीत निजत होते. तिला त्रास नको, एवढाच त्यांचा हेतू. पण वर्ष उलटले तरी त्यांची गादी बाहेरच होती. सुधा मला म्हणाली, "तपासणीचं सोडा, बाई. हे पुन्हा कधी आत येतील का, एवढंच कळू दे."

*

पहिली खरेदी केतकीच्या मोबाइलवर झाली. केतकी म्हणजे सुधाची पुतणसून; बँकेत असते आणि अर्धे हिंदीत बोलते. दुकानाच्या पानावर लिहिले होते, चार सेंटीमीटर. आमची नलिनी ब्लाउज शिवते. तिने गळ्यातला टेप काढून स्वतःच्या करंगळीभोवती गुंडाळला. घेर पाच भरला.

"चार म्हणजे करंगळीहून बारीक," ती म्हणाली. "घे बिनधास्त."

मी मान डोलावली. हे मुद्दाम नोंदवते.

पार्सल उघडले तेव्हा आत लाटण्याएवढी वस्तू होती. सुधा भिंतीला टेकून बसली. नलिनी म्हणाली, "आता पोळपाटही मागव."

शिंप्याचे माप नेहमी भोवतालचे असते. दुकानाने आरपार जाडी दिली होती. मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून दाखवले: घेर म्हणजे जाडीच्या तिपटीहून थोडा अधिक. चारची जाडी, तर घेर साडेबारा. तीस वर्षे हेच शिकवले, आणि वेळ आली तेव्हा मान डोलावली.

*

दुसऱ्या खेपेस केतकी म्हणाली, "काकू, इसमें स्मॉल लिखा है. हेच घेऊन टाकू."

मी तिला तीन दुकानांची पाने उघडायला लावली. एकाचे स्मॉल दुसऱ्याच्या मीडियमहून जाड निघाले.

मी म्हटले, "लहान हे माप नव्हे, मत आहे. आकडा वाच."

*

लांबीचा घोळ उरला होता. दोन लांब्या दिल्या होत्या आणि दोन्हींत बरेच अंतर होते. सुधाने डॉक्टरीणबाईंना फोन लावला, पण ती इतके हळू बोलली की पलीकडे काही पोचेना. नलिनीने फोन ओढून घेतला आणि कापडबाजारात विचारावे तशा आवाजात विचारले, "आत नेमकं किती जातं, तेवढं सांगा!"

शेजारच्या माडीवर सतारीचा रियाज चालला होता. तो थांबला.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावले. एकूण लांबीत तळ धरलेला असतो. तळ आत जात नाही आणि जाऊही नये. वस्तू आत अडकू नये म्हणूनच तो असतो. तेव्हा आत जाणारी लांबी वाचावी. जाडीही सर्वांत रुंद जागी मोजलेली हवी, टोकाशी नव्हे.

"म्हणजे छातीचं माप छातीवरच घ्यायचं," नलिनी म्हणाली. "गळ्याशी नाही. एवढंच ना?"

सतार पुन्हा सुरू व्हायला वेळ लागला.

*

अखेर तीन साधनांचा संच आला. जाडी दीड, दोन आणि अडीच सेंटीमीटर. सुधाने तो न उघडता कपाटात ठेवला. पंधरा दिवस गेले. हे सोवळ्यात बसते का, असे तिने मला विचारले. मी म्हटले, औषधाला सोवळे-ओवळे नसते. मग कोणत्यापासून आरंभ करावा यावर चर्चा झाली. नलिनी म्हणाली मधले, केतकी म्हणाली रिव्ह्यू बघू. खरी अडचण मापाची नव्हतीच. सुधाने घरात सांगितले नव्हते.

*

पौषात एका सकाळी विनायकभट नावेने निघाले. पलीकडच्या एका घाटावर त्यांना यज्ञकुंड आखून द्यायचे होते. सुधाही बरोबर गेली; पुढचे तिच्याच तोंडून ऐकलेले. धुके इतके दाट होते, की रामघाट सुटला आणि दोन वल्ह्यांत दिसेनासा झाला. वर-खाली सारखेच पांढरे. पाण्याचा आवाज होता, पाणी दिसत नव्हते. नावाड्याला मराठी येत नाही. सुधाने त्यांना सगळे सांगितले: डॉक्टरीणबाई, लाटणे, तीन आकडे, बाहेरची गादी. शेवटी विचारले, "तुम्हीच सांगा, कुठल्यापासून सुरू करू?"

विनायकभट म्हणाले, "ज्याचा यज्ञ, त्याच्या बोटांनी कुंड मोजतात. पुरोहिताच्या नाही. मला काय विचारतेस?"

"आणि महिने लागले तर?"

त्यांनी आपली शाल तिच्या गुडघ्यांवर घातली.

नावाडी मागून म्हणाला, "पंडितजी, कुहरा बहुत है. देर हो जाएगी."

"होने दो, भैया," विनायकभट म्हणाले. "हमें कोई जल्दी नहीं है."