परक्या कांद्याच्या रिंगा

व्हर्लीनने कांद्याच्या रिंगांचा आणखी एक घाणा तेलातून उपसला, ताटलीत पसरला आणि श्वास रोखून उभी राहिली. वर आल्या आल्या रिंगा छान दिसत होत्या, सोनेरी, टम्म फुगलेल्या. मग सकाळपासून प्रत्येक घाण्याने केलं तेच याही घाण्याने केलं, बसकण मारली. वरचं आवरण ओलं होऊन सुटलं आणि आतला कांदा गिळगिळीत होऊन बाहेर लोंबू लागला. तिने झारा ओट्यावर आपटला. “मर मेल्या!” ती कांद्यावर ओरडली आणि लगेच चपापली. त्या घरात काहीही झालं तरी कांद्याला शिवी देण्याची रीत नव्हती.

कारण अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या त्या रेताड मुलखात कांदा म्हणजे घरातलं माणूस. तिथला कांदा गोड. हंगामात बाप्ये बांधावर बसून तो सफरचंदासारखा कच्चा चावून खातात आणि डोळ्यांत टिपूसही येत नाही, याचा त्यांना कोण अभिमान! व्हर्लीनचा नवरा हॉइट उभा जन्म तोच कांदा पिकवत आला. तरुणपणी ती कांदे निवडायच्या शेडमध्ये सरकत्या पट्ट्यापाशी उभी असायची आणि हा बापाबरोबर माल घेऊन यायचा. एकदा धीर करून त्याने विचारलं आणि तिला ट्विन ओक्स नावाच्या तळणाच्या दुकानात घेऊन गेला. गाडीच्या मागच्या फळीवर दोघांनी पाय लोंबकळत सोडले आणि मध्ये ठेवला रिंगांचा एकच डबा. लग्नानंतरही शनिवार म्हटला की ट्विन ओक्स. पुढे मालक वारला, दुकान बंद पडलं, आता तिथे टायरं विकतात.

हॉइटच्या रक्तात दोष निघाला तो हिवाळ्यात. औषधाने रक्ताचं काय केलं ते डॉक्टरांना ठाऊक, पण जीभ पार मारून टाकली. सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं म्हणायचा. चर्चच्या बायकांनी एवढे पदार्थ आणून दिले की फ्रीजरचं दार लागेना. हा प्रत्येकीचे आभार मानायचा आणि काटा खाली ठेवायचा. डॉक्टरीणबाईंनी शेवटी स्पष्टच सांगितलं, “वजन आणखी उतरलं तर पुढचं औषध मला देता येणार नाही. सोमवारी काट्यावर बघू.” पुढचं औषध नाही म्हणजे काय, हे व्हर्लीनने विचारलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही.

आणि त्या सकाळी हॉइट आपणहून म्हणाला, “ट्विन ओक्सच्या रिंगा असत्या तर खाल्ल्या असत्या बघ. जिभेला नाही, पण निदान कानाला तरी त्यांची कुरकुर कळली असती.”

मग काय, व्हर्लीनने बाह्या सरसावल्या. कोठीत हॉइटचे कांदे टांगलेले होतेच, तिच्या जुन्या लांब मोज्यांत भरून, प्रत्येक दोन कांद्यांमध्ये एकेक गाठ मारून. तिथे घरोघर ते असेच टिकवतात. तिने पीठ पातळ केलं, घट्ट केलं. तेल बदललं, कढई बदलली. देवाशी भांडली. कांदा बदलावा हे काही तिच्या मनात आलं नाही, आणि त्या मुलखात कुणाच्याही आलं नसतं.

“जाऊ दे व्हर्ली,” खुर्चीतून हॉइटचा आवाज आला. “वास आला ना, तेवढ्यानं पोट भरलं.”

या माणसाने तिच्या स्वयंपाकाला आयुष्यभर नावं ठेवली होती आणि नावं ठेवत ठेवत ताटं चाटूनपुसून रिकामी केली होती. तो असा समजुतीने बोलायला लागला, हे तिला ऐकवेना. तिने गॅस बंद केला, किल्ली उचलली आणि तडक इमोजीनचं घर गाठलं.

ट्विन ओक्सची कढई इमोजीनने सांभाळलेली. आता म्हातारी ओसरीवर वाटाण्याच्या शेंगा सोलत बसते.

“मिस इमोजीन, तुमच्या पिठात काय असायचं ते सांगा मला. पाया पडते.”

“पाया कशाला पडतेस? मैदा, ताक, वरून खाऱ्या बिस्किटांचा चुरा. कांदा बर्फाच्या पाण्यात टाकायचा, कोरडा पुसायचा, आतला पापुद्रा काढायचा. लेप दिला की फ्रीजरमध्ये कडक होऊ द्यायचा आणि मग तळायचा.”

“सगळं केलं हो! तरी लगदा होतोय. तो काही खात नाहीये, मिस इमोजीन. सोमवारी वजन आहे. मी काय करू?”

म्हातारीचे हात थांबले. “कांदा कुठला घेतलास?”

“कुठला म्हणजे? आपला. हॉइटचा.”

“अगं वेडे! आपला कांदा म्हणजे नुसतं पाणी. तो कधी कुरकुरीत झालाय?”

“पण तुमच्या दारावर पाटी होती. आमच्याच गावचा गोड कांदा, एवढ्या मोठ्या अक्षरात!”

“पाटी बाहेर होती. मी आत होते.” इमोजीनने रस्त्यावर कुणी नाही ना ते बघून घेतलं. “साधा तिखट पिवळा कांदा. पोत्यांनी यायचा, परमुलखातून, मागच्या दाराने. तोही रविवारी, सगळं गाव चर्चमध्ये असताना.”

“आणि हॉइट दर शनिवारी तुम्हाला विचारायचा...”

“टोपीला हात लावून विचारायचा बिचारा, माझा कांदा वागतोय ना नीट? मी म्हणायचे, फार गुणी आहे हो.” म्हातारीने शेंग उचलली. “त्याला सांगू नकोस गं.”

व्हर्लीनला संताप आला. म्हातारीचा, त्या पाटीचा, इतक्या शनिवारांचा. पण संतापायलाही सवड हवी, आणि ती कुठे होती? गावात परका कांदा विकत घेणं शक्यच नव्हतं, संध्याकाळपर्यंत चर्चभर झालं असतं. तिने पलीकडच्या तालुक्यातलं दुकान गाठलं, पिशवी पावाच्या पुड्याखाली दडवली आणि मान खाली घालून बाहेर पडली. चर्चला जाणारा माणूस दारूची बाटलीसुद्धा इतकी चोरून नेत नाही.

घरी येऊन तिने पहिला कांदा चिरला आणि डोळ्यांना धार लागली. एवढ्या महिन्यांत ती रडली नव्हती. दवाखान्यात नाही, चर्चमध्ये नाही. आता मात्र थांबता थांबेना.

“रडतेस का गं?” खुर्चीतून प्रश्न आला.

“छे रे! तेलाचा धूर झालाय.” कांदा झोंबतोय असं सांगायची सोयच नव्हती. त्या घरचा कांदा झोंबत नसे.

ऊन उतरता उतरता तिने रिंगा तेलात सोडल्या, काढल्या आणि ताटलीकडे बघायचं टाळलं. मग पाहिलं. रिंगा ताठ होत्या.

हॉइटने एक उचलली, उलटीसुलटी केली, चावली. कुर्रर्र! आवाज थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला. तिथे ती चौकट धरून उभी होती. तो चावता चावता मध्येच थांबला. आता थुंकणार, असं तिला वाटलं.

“व्हर्ली,” तो सावकाश म्हणाला, “जिभेला काहीतरी चावतंय.” त्याने दुसरी तोंडात टाकली, मग तिसरी. डोळे भरून आले होते. “अगं, चव लागतेय! पुठ्ठा नाही, कांदा लागतोय! बघितलंस? माझा कांदा आहे तो. मेलेली जीभ उठवली पठ्ठ्याने! आहे का कुणाच्या कांद्यात एवढी धमक?”

“कुणाच्याच नाही,” व्हर्लीन म्हणाली.

“मोज्यांतले उरलेत ना अजून?”

“खूप आहेत.”

“मग उद्याही कर. सोमवारपर्यंत रोज कर.”

ती कोठीत गेली, दार लोटून घेतलं. सकाळी ट्विन ओक्सची आठवण काढणारा माणूस उद्या उठून इथेही डोकावेल, रिंगा झाल्या तरी मोज्यातला कांदा कमी झाला नाही हे बघेल. तिने खालची गाठ सोडली, हॉइटचा एक कांदा काढला, साल ओरबाडली आणि अंधारात उभ्या उभ्या कचाकचा खायला लागली. गोड होता. दरवर्षीसारखाच.

“व्हर्ली! आणखी आहेत का गं?”

तिला ओ देता येईना. तोंडात त्याचाच कांदा होता.