एका बाइटमध्ये न मावलेला टोला

आमच्या आरोग्य कार्यालयात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तो चालवणारी मी एकटीच होते. ब्रह्मपुरीकडच्या धानाच्या शेतकऱ्याची मुलगी. नागपुरात वर्षभराचा कोर्स करून गडचिरोलीत नोकरीला लागलेली. मशीनची मेमरी चौसष्ट केबी. आज मोबाइलवरचा एक फोटोही तेवढ्यात मावत नाही.

त्यात हिवतापाच्या सगळ्या नोंदी बसवायच्या होत्या. गावाचं नाव दरवेळी लिहिलं तर जागा पुरेना, म्हणून मी गावांना क्रमांक दिले आणि क्रमांक एकेका बाइटमध्ये, म्हणजे मेमरीच्या एका छोट्या कप्प्यात, ठेवला. पण एका बाइटमध्ये दोनशे छप्पन्नच वेगळे क्रमांक बसतात. गावं त्याहून जास्त. मग नकाशा पुढ्यात घेऊन दहा-वीस घरांच्या वस्त्या, म्हणजे टोले, मी जवळच्या मोठ्या गावात मिसळून टाकले. साहेब खूश झाले. मीही.

पावसाळ्यात भामरागडकडचे रस्ते बंद होतात, म्हणून हिवतापाच्या गोळ्यांचा साठा उन्हाळ्यातच पोचवतात. त्या वर्षी तो माझ्या प्रोग्रॅममधून निघालेल्या गावांच्या यादीप्रमाणे गेला.

पाऊस सरल्यावर तिकडचे एक वयस्क आरोग्यसेवक माझ्या टेबलाशी आले.

"बाई, आमचा टोला यादीत काऊन नाई?"

"आहे ना भाऊ. शेजारच्या गावात धरलाय."

"ते गाव नदीच्या त्या पार हाये. पावसाळाभर पूर उतरलाच नाई. गोळ्या तिकडं, ताप इकडं. माही बहीण गेली. तिची पोरगी बी."

नकाशावर नदी होती. मी फक्त अंतर पाहिलं होतं.

"दुरुस्त करते," मी म्हणाले आणि वही पुढे केली. त्यांनी माझ्या वहीत टोल्याचं नाव सावकाश लिहिलं आणि ते बस पकडायला गेले.

मी लगेच कामाला बसले. स्त्री की पुरुष याला एक बाइट होता, रक्ततपासणीच्या निकालाला दुसरा. दोन्ही एकातच सहज मावले. सुटलेला बाइट गावाच्या क्रमांकाला दिला. दोन बाइटांत हजारो क्रमांक बसतात, त्यामुळे सगळे टोले वेगळे झाले. संध्याकाळच्या आत काम संपलं. हे उन्हाळ्यातही जमलं असतं. पण तेव्हा भागत होतं, म्हणून मी शोधलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी टोल्यावर गोळ्या पोचल्या. भाऊ रक्ताच्या काचपट्ट्या घेऊन येत राहिले. आम्ही कामापुरतं बोलायचो. त्या दोघींची नोंद मात्र झाली नाही. रक्त तपासलेलं नव्हतं, त्यामुळे माझ्या प्रोग्रॅमच्या लेखी त्यांना हिवताप झालाच नव्हता.