अस्तर लावलेले पडदे

पडद्याची दांडी माझ्या डोक्यात पडली. पडद्याचं एक टोक माझ्या मुठीत होतं, दुसरं महिला कॉन्स्टेबलच्या. आणि मधे, उघड्या पडलेल्या केबिनमध्ये, कॉम्प्युटरसमोर माझी चौदा वर्षांची नात दिवाळीचा ड्रेस घालून बसली होती.

कॉम्प्युटरवर काहीतरी लिहून आलं होतं. अक्षरं इंग्रजी, मी चौथी पास. कॉन्स्टेबलने वाचलं तर मराठीच निघालं. "आजीला सांग, शिवणाच्या क्लासला जाते. धामणकर नाक्यावर एकटीच ये. हातात पिवळा रुमाल असेल."

"कोण हाय गं ही?" मी विचारलं.

"मैत्रीण. खारबावची."

"तू पाहिलंस तिला?" कॉन्स्टेबलने विचारलं.

पडदे मी शिवले होते. भिवंडीत कामतघरला आमच्या घराच्या रस्त्याकडच्या खोलीत भाडेकरूने सायबर कॅफे टाकला, आणि पॉवरलूमच्या कारखान्यांची शिफ्ट सुटली की माणसं आत डोकावत जायची. पोरीबाळी अशा उघड्यावर बसलेल्या मला बघवेना. म्हणून प्रत्येक केबिनला पडदा केला. उजेडही आरपार जाऊ नये म्हणून आतून अस्तर लावलं. मी कापड कधी वाया घालवलं नाही. तिथे मात्र सढळ हाताने वापरलं.

मग सरकारचा हुकूम आला. कॅफेत आडोसा ठेवायचा नाही, मुलं कॉम्प्युटरवर काय करतात ते दिसलं पाहिजे. भाडेकरू पडदे काढायला निघाला. मी त्याला म्हटलं, "हात लावलास तर खोली खाली कर." त्या बिचाऱ्याने पडदे तसेच ठेवले. पोलिसांना मात्र खोली खाली करायला सांगता येत नाही.

त्या दिवशी कॉन्स्टेबल स्वतःच पडदे काढायला आली. मी दारातच उभी राहिले.

"बाई, तू पण बाईच ना? पोरींना रस्त्यावर मांडून ठेवायचं तुला बरं वाटतं?"

"आजी, सोडा पडदा."

"न्हाय सोडत."

ती ओढायची, मी ओढायची. बाहेर शिफ्ट सुटलेली माणसं जमली. ज्यांच्या नजरेला पडू नये म्हणून पडदे केले, त्या सगळ्यांना मी फुकट तमाशा दाखवला. शेवटी दांडी निघाली. माझी शिवण काही उसवली नाही.

कॉन्स्टेबलने नातीला घरी आईजवळ बसवलं आणि मला घेऊन रिक्षाने नाक्यावर गेली. मैत्रीण कुठेच नव्हती. शेअर रिक्षांच्या रांगेजवळ एक चाळिशीचा माणूस उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात पिवळा रुमाल. रस्त्याने जाणारी प्रत्येक मुलगी निरखत होता. मी रिक्षातूनच ओरडले, "अगं, तो बघ!" पोलिसाचं काम मी असं सोपं केलं. त्याने वळून वर्दी पाहिली आणि गर्दीत घुसला. पुढे पोलिसांनी चौकशी केली, पण तो सापडला नाही.

परतताना रिक्षात कॉन्स्टेबल एवढंच म्हणाली, "आजी, डोक्याला हळद लावा."

संध्याकाळी मी बाकीचे पडदे स्वतः उतरवले. अस्तराचं कापड चांगलं होतं, त्याच्या उशा केल्या.

नात आता भिवंडीतच असते. तिला दोन मुलं आहेत.