आमच्या गावाचा प्रिंट

भंडाऱ्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. परवा एका बिल्डरने ऑफिसात लावायला जुन्या फोटोंचे मोठे प्रिंट सांगितले. नव्वद वर्षांपूर्वी, मंदीच्या काळात अमेरिकेच्या सरकारने बांधलेली घरं. तिथल्या लोकांनी ते फोटो इतके जपलेत, की सुताराने तोंडात धरलेले खिळेसुद्धा मोजता येत होते.

माझी माय पुनर्वसनाच्या वस्तीतून दवाखान्यासाठी आली होती. आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हापासून ती तिथे राहते. टेबलावरचे प्रिंट तिने निरखून पाहिले. सारखी घरं, सरळ रांग, एकही झाड नाही.

"या लोकायचं कोनतं गाव बुडलं?"

"बुडलं नाही, माय. लोकायचे कामधंदे गेले होते, म्हून सरकारनं घरं बांधून देल्ली."

"मंग अशी रांगेत काहून बांधली?"

मी प्रिंट गुंडाळायला घेतले.

"आपल्या गावाचा बी एक काढून दे ना."

कुठून देऊ? पाणी चढत होतं तेव्हा हा फोटोग्राफर दुसऱ्यांच्या लग्नात फ्लॅश मारत फिरत होता. घराचा एक फोटो काढला नाही. तरी मी कॉम्प्युटरवरच्या नकाशात गावाचं नाव टाकलं. निळं पाणी आलं, दुसरं काही नाही.

मायने पाण्यावर बोट ठेवलं. "इथं आपलं घर." मग बोट थोडं सरकवलं. परत थोडं. शेवटी हात मागे घेतला.

"दे, हेच छापून दे."