गिधाडाच्या हाडाची किन्नरी

भिंगारच्या बाजारात अब्राहाम घाटविसाव्याचं दुकान विचारलं, तर लोक आधी हसायचे आणि मग दाखवायचे. हसायचे ते त्याच्या तोंडाला. बाजाची पेटी दुरुस्तीला आणणाऱ्याला तो पहिली शिवी पेटीच्या वतीनं द्यायचा. "भाता उंदरानं खाल्ला, तवर झोपला हुता काय तुमी? थूः!" पण पेटी परत जायची ती अशी गात जायची, की शिव्या खाल्लेला माणूस पुढच्या वर्षी पुन्हा त्याच्याच दारात. सुतारकाम तो मिशनच्या कारखान्यात शिकला. कान मात्र आईच्या पोटातून घेऊन आला होता. चर्चमधल्या कीर्तनात सतार वाजवायचा, तीही स्वतःच्या हातानं केलेली.

घरात बायको कृपा आणि ऐंशीचा बाप, शांतवनबाबा. म्हातारा दिवसाकाठी चार वाक्यं बोलायचा, त्यातलं एक ठरलेलं. "आपल्या घरात मेल्या ढोराला हात लावत न्हाईत." शांतवनबाबांचा बाप गावाकडं असताना मेलेली जनावरं ओढणं आणि सोलणं हे काम गावानं त्याच्या गळ्यात बांधलेलं होतं. बाप्तिस्मा झाला त्या दिवशी त्यानं सांगून टाकलं, आता हे होणार नाही. गावानं पाणी तोडलं, पाठ फोडली, बायकापोरांसकट गावाबाहेर काढलं. पण पठ्ठ्यानं पुन्हा ढोराला हात लावला नाही. त्या घराची सगळी इस्टेट ती एवढीच. ना जमीन, ना सोनं.

अशा घरात बहात्तरच्या दिवाळीनंतर प्राध्यापक रंगनाथराव कोपरकर आले. नगरच्या एका कॉलेजात शिकवायचे. बोलणं मऊ, धोतर पांढरंशुभ्र, आणि डोक्यात एकच खूळ. यादवांच्या काळात देवगिरीला जे संगीत वाजत होतं, ते आजच्या माणसांना त्याच काळच्या वाद्यांवर ऐकवायचं. सरकारकडून अनुदानही मिळवलेलं. बाहेर पावसानं दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलेलं, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडतायत, आणि यांना सातशे वर्षांपूर्वीचं वाद्य हवं! अब्राहामच्या तोंडात शिवी आली होती. पण रंगनाथरावांनी कागद उलगडला आणि ती शिवी तिथंच विरघळली.

कागदावर किन्नरी वीणा होती. बांबूची दांडी, खाली तीन भोपळे, वर चौदा पडदे.

"दारोदार किंगरी घेऊन फिरणारे अजून दिसतात," रंगनाथराव म्हणाले. "ती हिची पोरकी नात. ही, या मापाची, कित्येक शतकांत कुणी ऐकलेली नाही. तुम्ही घडवा, अब्राहाम. आणि वाजवायची पण तुम्हीच. पहिला सूर तुमच्या हातचा."

झालं! मासा गळाला लागला. उभा जन्म दुसऱ्यांची वाद्यं सुरात लावून देण्यात गेलेला माणूस तो. तिकडं मांडवात टाळ्या पडायच्या आणि हा दुकानात भाते चिकटवत बसायचा. पहिला सूर तुमच्या हातचा, असं त्याला कोण म्हणालं होतं कधी?

"पडदे कसे बसवायचे?" त्यानं विचारलं.

"मेणात. मेणात जळक्या कापडाची राख कालवायची आणि दांडीवर रोवायचे. ग्रंथात सगळं आहे. पडदे गिधाडाच्या हाडाचे. करंगळीएवढे जाड."

अब्राहामनं कागदावरून मान वर केली. "गिधाडाच्या?"

"दुष्काळात गिधाडांना काय तोटा?" रंगनाथराव हसून म्हणाले. "आणि तुमच्या लोकांना ते अवघड नाही."

तुमच्या लोकांना! चहा घेणार का, असं विचारावं तितक्या सहज म्हणाला तो माणूस. एरवी त्यानं कागद तोंडावर फेकला असता. फेकला नाही. घडी घालून खिशात ठेवला, आणि त्या दिवसापासून त्याला स्वतःचीच शिसारी यायला लागली.

आधी दांडी केली. भोपळे मिळेनात, मळे सुकलेले. शेवटी एका ओळखीच्या माळ्याकडं आढ्याला बियाण्यासाठी टांगलेले तीन जुने मिळाले. कोरले, वाळवले, जोडले. तारा चढवल्या. पण पडद्यांवाचून वीणा मुकी. महिनाभर ती मुकी वीणा भिंतीला टेकून होती आणि अब्राहाम येता-जाता तिच्याकडं बघून थुंकत होता.

शेवटी एके दुपारी सायकल काढून तो ढोरं टाकायच्या माळावर गेला. वास मैलभर आधीपासून अंगावर आला. चाऱ्यावाचून मेलेल्या गाई, बैल, नुसत्या कातड्याखाली बरगड्या. गिधाडं इतकी खाल्लेली, की उडायचा कंटाळा करून जड अंगानं उड्या मारत बाजूला सरकत होती. शी! जगात सगळ्यांना उपास पडला होता, तेवढी हीच जात माजली होती. एक गिधाड एका बैलापाशी मरून पडलेलं दिसलं. तोंडाला रुमाल बांधून अब्राहाम वाकला, पंख धरून ओढला, आणि घशाशी आलेलं बाजूला जाऊन ओकला. मग पुन्हा वाकला.

तिथं कातडी सोलणारा एक माणूस होता, गोरक्ष नावाचा. तो मजा बघत होता. "हातानं न्हाई निघायचं," म्हणून त्यानं सुरी पुढं केली.

अब्राहाम सुतार होता. सांधा कुठं सुटतो, हे त्याच्या बोटांना कळत होतं. सुरी बरोबर जागी गेली आणि पंख अलगद सुटून आला.

"सवय दिसतीया," गोरक्ष म्हणाला.

अब्राहामनं सुरी फेकली आणि हाडं पोत्यात भरून सायकल अशी हाणली, की भिंगार येईपर्यंत मागं पाहिलं नाही.

घरामागं चुन्याच्या पाण्यात हाडं उकळली. काय तो वास! शेजारची कडूबाई भांडायला आली. कृपानं ते पातेलं जन्माचं टाकून दिलं. "तुमच्या त्या वीणेच्या तोंडाला काळं!" म्हणाली. आणि शांतवनबाबा? म्हातारा ओरडला नाही. संध्याकाळी जेवायला बसताना सुनेला म्हणाला, "माझी ताटली येगळी मांड. ह्याच्यासंगं न्हाई." त्या दिवसापासून बापलेक एका ओळीत जेवले नाहीत.

अब्राहामनं दात-ओठ खाऊन पडदे घासले. शंखासारखे गुळगुळीत झाले. मेणात राख कालवली, एकेक पडदा कानानं जागा शोधून रोवला. चौदावा बसला आणि त्यानं तार छेडली. आवाज लहान होता, जवळचा, तोंड मिटून कुणी गुणगुणावं तसा. अब्राहामच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

आतून म्हातारा म्हणाला, "आवाज चांगला हाय. हात धुतलेस का?"

कार्यक्रम नेवाशाकडं प्रवरेकाठच्या एका जुन्या दगडी देवळात ठरला. नगरहून मोटारी आल्या, पुण्याहून जाणकार आले, सतरंज्या पडल्या, कर्णे बांधले. प्रवरेत पाणी नव्हतं, पण जाणकारांना सरबत होतं. दुपारी रंगनाथराव देवळाच्या पंचांना, आप्पासाहेबांना, वीणा दाखवत होते. "अस्सल तेराव्या शतकातली पद्धत," ते सांगत होते. "पडदेसुद्धा गिधाडाच्या हाडाचे!"

आप्पासाहेब साप दिसल्यासारखे मागं सरले. "हाड? सभामंडपात? अहो, डोकं ठिकाणावर आहे का?"

"आणि तो खांबापाशी ठेवलेला पखवाज?" शेजारी उभा अब्राहाम म्हणाला. "त्याला कातडं कशाचं लावलंय? केळीच्या पानाचं?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

"वेगळं म्हणजे वेगळं," म्हणून आप्पासाहेब निघून गेले.

अब्राहामला वाटलं, आता हा प्राध्यापक भांडेल. चार महिने ग्रंथ, ग्रंथ म्हणून डोकं खाल्लं, आता ग्रंथासाठी तरी भांडेल. रंगनाथरावांनी शबनम पिशवीत हात घातला आणि फडक्यात बांधलेली पुरचुंडी काढली. आत कांशाचे चौदा पडदे. घासूनपुसून लखलखीत.

"मला शंका होतीच," ते म्हणाले, "म्हणून तांबटाकडून करून आणलेत. संध्याकाळपर्यंत बसतील ना? मेण आहे तुमच्याकडं."

"कांसं चालतं?"

"चालतं म्हणजे? ग्रंथात तिन्ही दिलेत. हाड, लोखंड किंवा कांसं."

"मंग मला हाडच का सांगितलं?"

"हाडानं जरा अस्सलपणा येतो हो. लोकांना सांगायला बरं." आणि मग खरंच नवल वाटून ते म्हणाले, "पण तुम्हाला त्याचं एवढं काय? तुमच्या लोकांना..."

पुढचं अब्राहामनं ऐकलं नाही. एवढा शिवराळ माणूस, पण त्याला त्या दिवशी शिवी सापडेना. जी आठवली ती या धोतरवाल्यापुढं फार सोज्वळ वाटली. त्यानं पटाशीच्या टोकानं चौदाही हाडं एकेक करून उपटली, रुमालात बांधली आणि उठला.

"अहो, कुठं चाललात? संध्याकाळी तुम्हाला वाजवायचंय!"

"तुमीच बसवा. तुमीच वाजवा. तुमच्या लोकांना अवघड न्हाई."

फाट्यावर एस. टी.ची वाट बघत तो दोन तास बसला. येताना नदीकाठी खड्डा करून त्यानं हाडं पुरली होती, हात वाळूनं घासले होते. दिवस कलला तसा कर्ण्यावरून वीणेचा आवाज आला. रंगनाथराव स्वतःच वाजवत होते, चाचपडत, पोराटोरासारखं. आवाज वाईट निघाला असता तर अब्राहामला बरं वाटलं असतं. वाईट नव्हता. कांशावर तो उलट थोडा जास्तच खुलत होता. मग टाळ्या पडल्या, आणि कुणीतरी कर्ण्यावरूनच म्हणालं, "वाहवा, अस्सल!" गाडी येईपर्यंत अब्राहाम कानांत बोटं घालून बसला.

घरी आला तेव्हा दिवे लागले होते. शांतवनबाबा ओसरीवर बसले होते. अब्राहाम त्यांच्यापासून चार हात दूर, खाली बसला.

"बाबा, कांसं चाललं असतं."

म्हाताऱ्याला सगळं दोनदा सांगावं लागलं. ऐकून झाल्यावर त्यानं विचारलं, "तुला ठावं नव्हतं?"

"न्हाई."

"मंग इचारलं का न्हाईस? हाडाबिगर दुसरं काय चालंल का, म्हून?"

अब्राहामनं तो कागदाचा दिवस आठवून पाहिला. खिळ्याच्या मापावरून गिऱ्हाइकाशी तासभर वाद घालणारा माणूस तो. तुमच्या लोकांना, असं तो प्राध्यापक म्हणाला मात्र, आणि हा मनानं तिथल्या तिथं माळावर जाऊन उभा राहिला होता. दुसरं काही चालेल का, हे त्याच्या ओठांवर आलंच नव्हतं. चार महिन्यांत एकदाही नाही.

"न्हाई इचारलं," तो म्हणाला.

"तुझ्या आज्यानं इचारलं हुतं," शांतवनबाबा म्हणाले. "दुसरं कुनी का न्हाई वढत ढोरं, एवढंच इचारलं हुतं. त्यापायी तर गावानं त्याची पाठ फोडली."